वेल्समधील खाणकामगारांचे जीवन आतून सांगणारे आत्मकथन कोणते?

कामगाराने स्वतः लिहिलेले पुस्तक हवे असेल, तर बी. एल. कूम्ब्स यांचे ‘दीज पुअर हँड्स’ आधी वाचावे, असे मी सुचवेन. ते 1939 मध्ये लंडनचे प्रकाशक व्हिक्टर गोलान्झ यांनी प्रसिद्ध केले आणि लेफ्ट बुक क्लब या डाव्या विचारांच्या पुस्तक-मंडळाच्या सभासदांमार्फत ते मोठ्या वाचकवर्गापर्यंत पोहोचले.

गंमत अशी की, वेल्सच्या खाणजीवनाचा हा साक्षीदार जन्माने वेल्श नव्हता. 1893 मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेले कूम्ब्स हेरफर्डशरच्या शेतीप्रधान भागात वाढले आणि तरुणपणी कामाच्या शोधात दक्षिण वेल्सच्या नीथ खोऱ्यातील रिझॉल्व्हन येथे येऊन तिथेच स्थायिक झाले. परक्या नजरेने आलेला माणूस हळूहळू त्या वस्तीचा होतो, त्यामुळे स्थानिकाला सवयीने न दिसणारे तपशीलही त्यांच्या लेखनात सापडतात. जमिनीखालचा अंधार, छत कोसळण्याची सततची धास्ती, जखमी सोबत्याला बाहेर काढणे, मजुरीवरून होणारी घासाघीस आणि 1926 मध्ये खाणमालकांनी केलेल्या टाळेबंदीतील उपासमार हे सारे ते आवाज न चढवता सांगतात, आणि माझ्या मते हा संयमच घोषणांपेक्षा अधिक परिणामकारक ठरतो.

मात्र हे पुस्तक म्हणजे निव्वळ रोजनिशी नव्हे. प्रसंगांची निवड आणि मांडणी करताना त्यांच्यातील कथालेखक जागा असतो, हे ध्यानात ठेवून वाचावे. पुढे 1945 मध्ये पेंग्विनने त्यांचे ‘मायनर्स डे’ प्रकाशित केले, तेही जोडीला घेता येईल.