वाचकांचे प्रश्न : दगडाचा फोटो आणि दगडाची ओळख

प्रश्न : वाघोली, जळगाव, नाशिककडच्या खाणींतून जमवलेले झिओलाइट (काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत वाढणारी खनिजं) आणि त्यांच्यासोबत सापडणाऱ्या स्फटिकांचे दीडशेक नमुने घरात आहेत. मोबाइलवर सगळ्यांचे फोटो काढले, पण आता कोणता फोटो कशाचा हे कळत नाही. स्टिलबाइट पिवळट येतो, अपोफिलाइट नुसता चकाकतो. लोमोंटाइटचा एक नमुना तर पांढरा पडून भुगा होतोय. काय करावं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी नंबर, मग फोटो. गड्ड्याच्या जत्रेत चुकलेल्या पोराला निदान स्वतःचं नाव सांगता येतं, दगडाला तेही येत नाही. नमुन्याच्या खालच्या बाजूला, काळ्या पाषाणावर (स्फटिकावर नव्हे) पांढऱ्या अ‍ॅक्रिलिक रंगाचा ५-६ मिलिमीटरचा ठिपका द्या. वाळला की बारीक निबेनं काळ्या शाईत नंबर घाला. नेलपॉलिश वापरू नका, ते पिवळं पडतं आणि पापुद्रा निघतो. नमुना कुणाला दिला तरी त्याचा नंबर दुसऱ्या नमुन्याला देऊ नका.

प्रत्येक नमुन्याचा पहिला फोटो नंबरची चिठ्ठी आणि पट्टीसकट काढा. पट्टी टेबलावर टाकू नका. मुख्य स्फटिक ज्या उंचीवर आहे तिथं, काड्यापेटीवर टेकवून धरा. कॅमेऱ्याच्या जवळची वस्तू मोठी दिसते, त्यामुळे खाली पडलेली पट्टी स्फटिकाचं माप फुगवून सांगते. मोबाइल अगदी जवळ नेल्यावरही आकार बिघडतो आणि मोबाइलची सावली पडते ती वेगळीच. दोन पट झूम लावून ४०-५० सेंटिमीटरवरून, स्टँडवर, दोन सेकंदांच्या टायमरनं काढा.

पिवळेपणाचं कारण बहुधा मिश्र उजेड. खिडकीतून दिवसाचा उजेड आणि वर पिवळा बल्ब असला, की एकाचा रंग दुरुस्त करताना दुसऱ्याचा बिघडतो. दिवा बंद करून उत्तरेकडच्या खिडकीशी काढा, किंवा खिडकी झाकून एकाच जातीचे दोन एलईडी लावा. शेजारी राखाडी कार्ड (फोटोतले रंग जुळवायला वापरतात ते) ठेवलं तर स्टिलबाइटची पीचसारखी छटा नंतरही जुळवता येते. मागे काळं मखमल घालायचा मोह होतो, पण त्याची धूळ आणि तंतू फोटोत उठून दिसतात. राखाडी पुठ्ठा बरा.

अपोफिलाइटसाठी दिव्यासमोर ट्रेसिंग पेपर ताणा आणि पलीकडे पांढरा पुठ्ठा उभा करा. चकाकी पूर्ण मारू मात्र नका. त्याच्या टोकाच्या सपाट पैलूवरची मोत्यासारखी झाक ही ओळखीचीच खूण आहे. स्कोलेसाइट या खनिजाच्या सुया (सुईसारखे स्फटिक) एका फोटोत सगळ्या स्पष्ट येत नाहीत. फोकस थोडा थोडा सरकवत ८-१० फोटो काढून जोडावे लागतात. वाघोलीच्या निळ्या कॅव्हन्साइटचा जवळून घेतलेला, टोकं दिसणारा फोटो हवाच. पेंटागोनाइट नावाच्या दुसऱ्या खनिजाचं रासायनिक सूत्र तेच, रंगही तसाच; फरक स्फटिकांच्या रचनेत. दुरून काढलेल्या फोटोवरून नाव ठरवायला जाऊ नये.

आता लोमोंटाइट. त्याच्या रचनेतलं थोडं पाणी कोरड्या हवेत साध्या तापमानालाच निघून जातं. आर्द्रता निम्म्याखाली गेली की हे सुरू होतं, आणि सोलापूरचा एप्रिल-मे कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. मग तो अपारदर्शक होतो, भेगाळतो, भुगा होतो. ओलाव्यात ठेवल्यावर पाणी परत घेतो, पण तुटलेलं सांधत नाही. म्हणून असा नमुना घरी आला त्याच दिवशी, धुण्यापुसण्याआधी फोटो काढा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि दर मे महिन्यात त्याच कोनातून, त्याच उजेडात पुन्हा काढा. भुग्याचाही काढा.

प्रश्न : फोटो कुठे आणि कोणत्या नावानं ठेवावेत?

उत्तर : फाइलच्या नावात आधी नमुन्याचा नंबर, मग वर्ष-महिना-दिवस : ०४२_२०२५-०५-११. नावात खनिज घालू नका, ओळख पुढे बदलू शकते. खाण, गाव, तारीख, कुणाकडून घेतला आणि मिलिमीटरमधलं माप वहीत लिहा. विक्रेत्याची जुनी चिठ्ठी असेल तर तिचाही फोटो काढा, दोन्ही बाजूंनी. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं की तो लहान होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एक प्रत हार्ड डिस्कवर ठेवा आणि दुसरी घराबाहेर कुठेतरी.