पहिला पगार हातात आलाय, जरा थांब

भावा, पहिल्या पगारात गाडी घ्यावीशी वाटणारच. शिरोली एमआयडीसीत लागल्यावर मीही हप्त्यावर घेतली. पंधरा दिवस रोज संध्याकाळी रंकाळ्याला चक्कर, रोज फडक्यानं टाकी पुसायची. दोन महिन्यांत सवय झाली, हप्ते मात्र तीन वर्षं फेडले.

मिळालेल्याची सवय होते आणि नजर शेजारच्या दारात जाते. ईस्टरलिन या अर्थतज्ज्ञानं १९७४ मध्ये दाखवलं, की देशाचं उत्पन्न वाढत गेलं तरी लोकांचं समाधान त्या प्रमाणात वाढत नाही. यावर वाद आहेत, पण तुलनेचा मुद्दा मला पुरता पटतो.

दुसरं म्हणजे, हजार रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा हजार गेल्याची कळ मोठी असते. काहनेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये हे मांडलं. म्हणून पगारवाढ झाली की त्यातला निम्मा वाटा खर्चाची सवय लागायच्या आधीच आरडीत, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायच्या बँकेतल्या ठेवीत, वळव. हातात आलेलाच नसतो, त्यामुळं गेल्यासारखा वाटत नाही.

हात आखडू नकोस. आईला जोतिबाला ने, सीएनसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचं, प्रोग्रामिंग शीक, त्यावर खुशाल खर्च कर. रविवारी घरी ये, आरडीचा फॉर्म बसून भरू.