न संपणारी बेरीज एका ठरावीक संख्येइतकी कशी होते?

तुम्ही विचारलंय की १/२ + १/४ + १/८ + … यात पदं संपतच नाहीत आणि प्रत्येक पद शून्याहून मोठं आहे, मग बेरीज वाढत वाढत अनंत का होत नाही? शिवाय पुस्तकात ‘१ च्या जवळ जाते’ असं न म्हणता सरळ ‘= १’ का लिहितात?

मी अकरावी-बारावीला गणित शिकवते. या जागी मुलं सूत्र पाठ करून पुढे निघून जातात याचं मला वाईट वाटतं, कारण खरी मौज तुम्ही अडलात तिथेच आहे. सूत्र बाजूला ठेवू या.

वर्गात मी ए-फोर आकाराचा एक कोरा कागद घेते आणि तिघांना पुढे बोलावते. कागदाचे चार सारखे तुकडे करायचे, तिघांना एकेक द्यायचा, चौथा माझ्याकडे ठेवायचा. त्या चौथ्याचे पुन्हा चार, पुन्हा तिघांना एकेक. चार फेऱ्या झाल्या की माझ्या चिमटीत साधारण १३ मिलिमीटर बाय १८ मिलिमीटरचं चिटोरं उरतं, अंगठ्याच्या नखाएवढं. पाचव्या फेरीला बोटं ऐकत नाहीत, पण हिशोब पुढे नेता येतो.

आता प्रत्येकाकडे किती कागद आला? १/४ + १/१६ + १/६४ + १/२५६, म्हणजे ८५/२५६. माझ्याकडे उरला १/२५६. तिघांची वाटणी अगदी सारखी आहे. माझ्याकडचं चिटोरंही तिघांत वाटता आलं असतं तर प्रत्येकाला बरोबर १/३ मिळाला असता. म्हणजे प्रत्येकाला त्या चिटोऱ्याचा तिसरा हिस्सा, १/७६८, एवढंच कमी पडतंय. पुढच्या प्रत्येक फेरीला हा तुटवडा आधीच्या पावपट होतो.

फेऱ्या कितीही करा, कुणाच्याही हातात १/३ पेक्षा जास्त कागद येणं शक्य नाही, कारण तिघांत मिळून कागद एकच आहे. बेरीज अनंत होत नाही ती एवढ्यासाठी. पदं अनंत असली तरी ती सगळी एकाच कागदातून निघतात. दुसरीकडे, १/३ च्या अलीकडे कुठेही रेघ मारा, बेरीज ती ओलांडतेच. समजा १/३ ला दहा लाखावा भाग कमी अशा ठिकाणी रेघ मारलीत, तर दहाव्या फेरीतच तुटवडा त्याहून लहान झालेला असतो.

हाच प्रश्न आणि हीच १/४ + १/१६ + १/६४ + … ही श्रेणी केरळचे गणिती नीलकंठ सोमयाजी यांनी आर्यभटीयावरच्या आपल्या भाष्यात घेतली आहे. त्यांचा जन्म १४४४ चा. वर्तुळाच्या चापाची लांबी ‘ज्या’ (अर्धी जीवा) आणि ‘शर’ (जीवेच्या मध्यापासून चापापर्यंतचं अंतर) यांवरून काढताना त्यांना ही बेरीज लागली. तिथे ते विचारतात, ही बेरीज तेवढीच वाढते आणि तेवढी वाढतेच, हे कशावरून? या वाक्यातले दोन ‘च’ बघा. पहिला सांगतो की ती पलीकडे जात नाही, दुसरा सांगतो की ती अलीकडे थांबत नाही. मला तर वाटतं, अनंत बेरजेचा प्रश्न याहून नेमका विचारताच येणार नाही. त्यांचं उत्तरही कागदाच्या वाटणीसारखंच आहे: १/३ म्हणजे १/४ आणि वर १/१२. त्या १/१२ मध्ये १/१६ आणि वर १/४८. असं दर वेळी उरलेल्या भागातून पुढचं पद काढायचं आणि काय शिल्लक राहतं ते बघायचं.

तुमच्या श्रेणीला दोनच तुकडे करा आणि एकच माणूस उभा करा. त्याला अर्धा, मग पाव, मग अर्धपाव. सगळा कागद त्याच्याकडेच चाललाय, म्हणून १.

आता ‘जवळ जाते’बद्दल. जवळ जातात त्या पहिल्या दोन, पहिल्या दहा, पहिल्या शंभर पदांच्या बेरजा. त्यांना आंशिक बेरजा म्हणतात, आणि त्यातली एकही १ नाही, इथे तुमचं बरोबर आहे. पण ‘अनंत पदांची बेरीज’ हे नाव या आंशिक बेरजांपैकी कुणाचं नाही. ज्या एकमेव संख्येला नीलकंठांचे दोन्ही ‘च’ लागू पडतात, तिचं ते नाव आहे. ती संख्या कुठे जात नाही, ती १ च आहे. फ्रान्समध्ये गणिती कोशी यांनी १८२१ च्या पुस्तकात ही व्याख्या रीतसर मांडली. तुम्ही स्वतःही ती रोज मान्य करता: १/३ = ०.३३३… लिहिता तेव्हा ३/१० + ३/१०० + ३/१००० + … अशी न संपणारी बेरीजच लिहिता.

मात्र पदं लहान होत जातात म्हणून बेरीज आटोक्यात राहते, असा निष्कर्ष काढू नका. १ + १/२ + १/३ + १/४ + … यातही पदं शून्याकडेच जातात. पण १/३ + १/४ हे अर्ध्याहून जास्त, १/५ ते १/८ ही चार पदं मिळून पुन्हा अर्ध्याहून जास्त, पुढची आठ मिळून पुन्हा तेच. अर्धे अर्धे कितीही वेळा मिळत राहतात, म्हणून ही बेरीज कुठलीही मर्यादा ओलांडते. १४ व्या शतकात फ्रेंच विद्वान निकोल ओरेम यांनी हे असंच दाखवलं. ओलांडते, पण किती सावकाश! पहिल्या १० लाख पदांची बेरीज जेमतेम १४.३९ भरते. नुसतं बघून फसायला होतं ते इथेच.

आणखी एक सांगते, कारण ‘ही खरंच बेरीज आहे का’ ही तुमची शंका रास्त आहे. १ − १/२ + १/३ − १/४ + … यांचं उत्तर सुमारे ०.६९३ येतं. तीच पदं, एकही न गाळता, एक अधिक आणि मग दोन उणे अशा क्रमाने मांडली (१ − १/२ − १/४ + १/३ − १/६ − १/८ + …) तर उत्तर बरोबर निम्मं होतं. चार आकड्यांच्या बेरजेत असं कधी होत नाही. सगळी पदं धन असतील तर मात्र ही भीती नाही. मुलांनी आपापले तुकडे कुठल्याही क्रमाने मोजले तरी वाटणी १/३ च.