जेट किट राहू द्या, आधी एअरबॉक्स शोधा

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं. नोकरीसाठी परदेशात आलात, तिथे १९९० च्या दशकातली होंडा सीबी४०० सुपर फोर जुनी विकत घेतलीत. आधीच्या मालकाने एअरबॉक्स, म्हणजे एअर फिल्टरचा बंद डबा, काढून शंकूच्या आकाराचे चार उघडे कोन फिल्टर बसवलेत आणि सायलेन्सरही बदललाय. गाडी स्टार्ट नीट होते, पूर्ण रेसला पळतेही, पण मधल्या रेसला घुसमटते. कुणीतरी जेट किट, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकांच्या नळ्यांचा (जेटचा) वेगळ्या मापाचा संच, टाकायला सांगितलंय. शिवाय पुढच्या महिन्यात येणाऱ्या मित्राच्या बॅगेतून जुना कार्बोरेटर सेट मागवायचा विचार आहे.

जेट किट मागवू नका. निदान आत्ता तरी नको. आणि मित्राला बॅगेत कार्बोरेटर टाकायला मुळीच सांगू नका. वापरलेल्या कार्बला पेट्रोलचा वास राहतो, आणि पेट्रोलचा अंश असलेले इंजिनचे भाग विमानात धोकादायक माल धरतात. विमानतळावर बॅग उघडली तर कार्ब तिथेच राहील आणि मित्राला खुलासे देत बसावं लागेल.

आता घुसमटीकडे. तुमच्या गाडीचे चारही कार्ब व्हॅक्यूमवर चालणारे आहेत. तुम्ही मूठ पिळता तेव्हा केबल फक्त फुलपाखरू, म्हणजे हवेच्या वाटेतली गोल झडप, उघडते. वरची स्लाइड, म्हणजे हवेची वाट कमी-जास्त करणारा सरकता दट्ट्या, उचलायचं काम डायाफ्राम हा रबरी पडदा करतो. डायाफ्रामच्या वर कार्बच्या घशातला, म्हणजे हवेच्या वाटेतला, व्हॅक्यूम असतो आणि खाली कार्बच्या तोंडाशी असलेल्या हवेचा दाब. या दोन दाबांतल्या फरकावर स्लाइड तरंगते आणि तिच्याबरोबर नीडल, म्हणजे पेट्रोलची वाट कमी-जास्त करणारी निमुळती सुई, वर-खाली होते. एअरबॉक्स म्हणजे नुसता फिल्टर ठेवायचा डबा नव्हे. चारही तोंडांसमोर शांत, एकसारख्या दाबाची हवा धरून ठेवणं हे त्याचं खरं काम. तो काढून कोन लावले की प्रत्येक तोंडाशी वेगळी गडबड सुरू होते. बाजूने वारा लागला तरी फरक पडतो, कोनाच्या रबराने तोंडाजवळचं छोटं भोक अर्धवट झाकलं तरी पडतो. स्लाइड थरथरते किंवा उशिरा उठते. मेन जेट पूर्ण रेसला पेट्रोल देतो, पायलट जेट सुरुवातीला. तुमची तक्रार मधली आहे, म्हणजे नीडल आणि स्लाइडची. तिथे मेन जेट मोठा केलात तर पूर्ण रेसला गाडी काळा धूर टाकेल आणि मधली घुसमट बहुतेक तशीच राहील.

कोन फिल्टरवर व्हॅक्यूम कार्ब चालवणारे लोक आहेत, नाही असं नाही. पण त्यांनी डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या मशीनवर, कित्येक तास घातलेले असतात, आणि शेवटी मिळतं काय तर वरच्या आरपीएमला थोडी ताकद. हे इंजिन मुळात ५३ पीएसचं (मेट्रिक हॉर्सपॉवर), तेही ११,००० आरपीएमला. रोज ऑफिसला जाताना तिथे कोण जातं?

म्हणून पहिलं काम मूळ एअरबॉक्स मिळवणं. त्यासाठी तुमच्याकडे नेमकी कोणती गाडी आहे हे आधी नक्की करा. फ्रेमवर पुढे, हँडलचा दांडा जातो त्या डोक्याजवळ नंबर ठोकलेला असतो. तो एनसी३१ ने सुरू होत असेल तर १९९२ पासूनची पहिली पिढी, एनसी३९ असेल तर १९९९ ची व्हीटेकवाली (व्हीटेक म्हणजे आरपीएमप्रमाणे व्हॉल्व्हचं काम बदलणारी होंडाची यंत्रणा). दोघींचं नाव एकच, पण एकीचा पार्ट दुसरीला बसेल असं धरून चालू नका. ही गाडी मुख्यतः जपानसाठी बनली, कारण तिथे एका लायसन्सची हद्द ४०० सीसी आहे. बाकी देशांत ती बऱ्याचदा जुनी म्हणूनच पोचली. त्यामुळे तुम्ही आहात तिथल्या शोरूमच्या कॉम्प्युटरवर ती दिसली नाही तर काउंटरवरच्या माणसाशी वाद घालू नका, त्याच्या कॅटलॉगात ती नसेलच. ऑनलाइन पार्ट कॅटलॉगात जपानी आवृत्ती निवडा आणि पार्ट नंबर लिहून घ्या.

होंडाचा पार्ट नंबर वाचता आला की निम्मं काम होतं. पहिले पाच आकडे म्हणजे पार्ट काय आहे. १५ ने सुरू होणारे ऑइलचे, १६ कार्बोरेटरचे, १७ एअर फिल्टर आणि टाकीचे. मधली तीन अक्षरं म्हणजे तो पार्ट मुळात कुठल्या मॉडेलसाठी काढला. शेवटचा भाग त्याची आवृत्ती. उदाहरणार्थ १५४१०-एमएफजे-डी०१ हा ऑइल फिल्टर सीबीआर६००आरआरच्या नावाने आहे, पण होंडाच्या कितीतरी गाड्यांना तोच बसतो. मधली अक्षरं तुमच्या गाडीची नसली तरी घाबरू नका, आणि जुळली म्हणून डोळे मिटून घेऊही नका. जुना नंबर बंद होऊन नवा आलाय का ते पाहायचं.

एअरबॉक्स नवा मिळणं अवघड. जुना जपानच्या लिलावाच्या साइटवर मिळतो. तिथून परदेशातल्या माणसाला थेट घेता येत नाही, मध्ये तुमच्या वतीने बोली लावणारी सेवा लागते. बाय-ई, झेनमार्केट वगैरे. भाषांतर करून वाचलंत तरी चार शब्द ओळखून ठेवा. ‘जुनसेई’ म्हणजे कंपनीचा मूळ पार्ट, ‘शागाई’ म्हणजे बाहेरच्या कंपनीचा. ‘नोमारु’ म्हणजे जसा कारखान्यातून निघाला तसा. आणि ‘जंक’ लिहिलं असेल तर माल जसा आहे तसा घ्यायचा, परत करायचं नाव काढायचं नाही. जंकमध्ये सोनंही निघतं, पण कार्ब आणि इलेक्ट्रिकल पार्ट जंकमधून घेऊ नका. प्लास्टिकचा डबा घ्यायला हरकत नाही. फोटोत डबा बसवायचे कान तुटलेले नाहीत ना आणि कार्बला जोडणारी चारही रबरं आहेत ना, एवढं बघा.

पाठवणीचा खर्च मात्र आधी काढून ठेवा, इथे लोक फसतात. हवाई कुरिअर वजन आणि आकारमान यांतलं जे जास्त त्याचे पैसे लावतं. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक कुरिअर कंपन्यांच्या हिशेबात ५,००० ने भागायचं. ४० बाय ३५ बाय २५ चं खोकं असेल तर ते ७ किलो झालं, आत दीड किलोचा पोकळ डबा असला तरी. म्हणून एअरबॉक्सबरोबर लागणारे बाकीचे छोटे पार्ट त्या डब्याच्या पोटातच भरून मागवा.

कस्टम्सबद्दल एवढंच सांगतो: विक्रेत्याला ‘भेटवस्तू’ लिहायला किंवा किंमत कमी दाखवायला सांगू नका. पार्सल हरवलं तर विमा त्या खोट्या किमतीचाच मिळतो. लहान पार्सल सुटतं हा जुना भरवसाही आता धरू नका. युरोपीय संघाने २२ युरोपर्यंतची व्हॅटमाफी १ जुलै २०२१ पासून काढली, अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबवली. आणखी एक, जुन्या साठ्यातली गॅस्केटं आणि ब्रेक शू घेताना ॲस्बेस्टॉस विचारा. ऑस्ट्रेलियात २००३ च्या शेवटापासून त्यावर पूर्ण बंदी आहे, आणि जुन्या गाड्यांच्या पार्टवर तिथलं कस्टम्स खास लक्ष ठेवतं.

सगळंच जपानहून मागवायची गरज नाही. बेअरिंगवर आकडा कोरलेला असतो. ६२०३ म्हणजे आत १७, बाहेर ४०, रुंदी १२ मिलिमीटर, मग ते मोटरसायकलचं असो की पाण्याच्या पंपाचं. कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळेल. ऑइल सीलचंही तसंच, मापं त्याच्यावरच छापलेली असतात. चेन डीआयडी किंवा आरके, ब्रेक पॅड ईबीसी किंवा वेस्रा, यात मूळ पार्टचा हट्ट धरायचं कारण नाही. प्लग मात्र ओळखीच्या दुकानातूनच घ्या, डुप्लिकेट फार आहेत. दुसऱ्या कंपनीचा घेतलात तर लक्षात ठेवा, एनजीकेचा हीट रेंजचा (प्लग उष्णता किती लवकर बाहेर टाकतो त्याचा) आकडा वाढला की प्लग थंड, बॉशचं नेमकं उलटं.

ज्यात मूळ पार्ट सोडून काही घ्यायचं नाही ते म्हणजे कार्बमधलं पितळ, अर्थात जेट. याची किंमत मी मोजलीय. माझ्या जुन्या चार सिलिंडरच्या गाडीला ऑनलाइन मिळालेलं स्वस्त रिपेअर किट टाकलं होतं. गॅस्केट, ओ-रिंग, जेट, सगळं एका पुडीत. गाडी सुरू झाली, पण दोन नंबरचा सिलिंडर गरम व्हायला लागला. कॉइल बदलली, प्लग कॅप बदलली, तीन शनिवार-रविवार त्यात गेले. शेवटी चारही प्लग काढून टेबलावर ओळीने ठेवले. तीन फिकट तपकिरी, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे, आणि दोन नंबरचा खडूसारखा पांढरा. चारही मेन जेट काढले. चौघांवर आकडा एकच. मग बारीक ड्रिलची मागची, गुळगुळीत बाजू एकेका जेटच्या भोकात घालून पाहिली. तिघांत ती सरळ आत गेली, चौथ्यात तोंडाशीच अडली. आकडा ठोकणाऱ्याने आकडा ठोकला होता, भोक पाडणाऱ्याने मनाने पाडलं होतं. जुने मूळ जेट मी डब्यात ठेवले होते म्हणून वाचलो. ते धुऊन परत घातले आणि गाडी सुधारली. तेव्हा किटमधली रबरं वापरा, पितळ जुनंच ठेवा.

आणि जेटच्या आकड्यांची तुलना दोन कंपन्यांत करू नका. केहिनचा आकडा भोकाच्या व्यासाचा, १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. मिकुनीच्या षटकोनी डोक्याच्या जेटवर पेट्रोल किती वाहतं त्याचा आकडा असतो. दोन्हींवर १२० असेल म्हणून ते सारखे नव्हेत.

एअरबॉक्स येईपर्यंत हातावर हात धरून बसू नका. व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हजवळची ठरावीक बारीक फट) तपासून घ्या. कार्ब आणि इंजिनच्या हेडमधल्या रबरांना चिरा आहेत का बघा, या वयात त्या असतातच. तिथून हवा आत शिरली की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि रेस सोडल्यावर आरपीएम खाली यायला वेळ लागतो. मग कार्ब उघडा. उघडायच्या आधी एक काम करा, जेआयएस टोकाचा स्क्रूड्रायव्हर आणा. जपानी कार्बचे स्क्रू फिलिप्ससारखे दिसतात पण फिलिप्स नसतात. साधा फिलिप्स त्यांच्या खाचेत पूर्ण बसत नाही, जोर दिला की वर सरकतो आणि डोक्याचा भुगा करतो. कार्बच्या तळाच्या पेट्रोलच्या वाटीचा एक स्क्रू असा गेला की पुढचा तास ड्रिल मशीनबरोबर.

डायाफ्राम उजेडासमोर धरून टाचणीएवढी भोकं बघा. पायलट जेटमधून प्रकाश आरपार दिसला पाहिजे. तिथेच मळी बसते. शेवटी चारही कार्ब व्हॅक्यूम गेजवर सिंक करून घ्या, म्हणजे चौघांचा व्हॅक्यूम सारखा जुळवा. मला विचाराल तर जुन्या चार सिलिंडरच्या गाडीला यासारखं ट्यूनिंग नाही.

एवढं झाल्यावरही बदललेल्या सायलेन्सरमुळे मधे थोडी पातळ चालली, तर नीडल उचला. जपानी बाजाराच्या नीडलला बहुतेक वेळा खाचा नसतात, एकच जागा असते. तिच्या डोक्याखाली अर्ध्या मिलिमीटरचा वायसर घाला, चारही ठिकाणी सारखा. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर एकाच रस्त्यावर, एकाच गिअरमध्ये चालवून बघा. डायनोवर नेणार असाल तर आधीचा आणि नंतरचा आकडा एकाच मशीनवर, एकाच दिवशी घ्या. दुसऱ्याच्या ग्राफशी आपला ताडून पाहण्यात अर्थ नाही.

पेट्रोल महागातलं टाकून फरक पडणार नाही. हे इंजिन जपानच्या साध्या, ९० च्या आसपास आरओएन (ऑक्टेनचा आकडा) असलेल्या पेट्रोलवर चालायला बनवलंय. अमेरिकेत पंपावरचा आकडा वेगळ्या पद्धतीने काढतात, तिथलं ९१ म्हणजे साधारण युरोपातलं ९५, म्हणून आकडा पाहून गोंधळू नका. १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिश्रण किंचित पातळ करतं आणि जुनी रबरं फुगवतं. गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल तर कार्बच्या वाट्या रिकाम्या करा.

सायलेन्सरचं एक बघून घ्या, त्याच्यावर मान्यतेचा शिक्का आहे का. युरोपात ई-मार्क लागतो, आणि जर्मनीत मान्यता नसलेला सायलेन्सर लावला तर गाडीची रस्त्यावर चालवायची मंजुरीच जाऊ शकते. युरोपातल्या ए२ लायसन्सवर (मर्यादित ताकदीच्या मोटरसायकलींसाठीचं) असाल तर आणखी एक मेख: त्याची हद्द ३५ किलोवॅटची, आणि तुमची गाडी मूळचीच ३९ ची. ताकद वाढवायच्या गोष्टी करण्याआधी विमा कंपनीला काय सांगितलंय तेही आठवा.

कुठल्या देशात आहात ते तुम्ही लिहिलेलं नाही, ते कळवा. फ्रेम नंबरातली सुरुवातीची अक्षरं आणि आकडे तेवढे द्या, पूर्ण नंबर उघड लिहू नका. आणि चारही प्लग काढून एका ओळीत ठेवून फोटो टाका. बसल्यावर डाव्या हाताला येतो तो एक नंबर, तिथून उजवीकडे मोजायचं. काढतानाच चिकटपट्टीवर नंबर लिहा. टेबलावर गेल्यावर कोणता कुठला ते कुणालाच आठवत नाही, मलाही नव्हतं आठवलं.