सोळाव्या वर्षाचा प्रवास आणि परतल्यानंतरचे घर

प्रश्न : माझी मुलगी लवकरच सोळा वर्षांची होईल. त्या निमित्ताने समारंभ करण्याऐवजी आम्ही दोघींनीच चार-पाच दिवस प्रवासाला जावे, असे मला वाटते. तिच्या वडिलांना कल्पना पसंत आहे, मात्र आपण बाजूला पडत असल्याची खंत त्यांच्या बोलण्यातून जाणवते. मुलगी ‘बघू’ एवढेच म्हणते. शरीर, मैत्री, अभ्यास, पैसा या सगळ्याविषयी तिच्याशी निवांत बोलावे, असा माझा विचार आहे. हा बेत कसा आखावा?

उत्तर : बेत चांगला आहे, पण तुम्ही काय काय बोलणार याची यादी तुमच्या पत्रात आहे आणि मुलगी काय ठरवणार याचा उल्लेख कोठेही नाही. ठिकाण, तारखा आणि हेतू दुसऱ्याने आधीच पक्के केलेल्या प्रवासाला सोळा वर्षांची कोणतीही मुलगी याहून अधिक उत्साहाने होकार देणार नाही.

वयात येण्याच्या विधींविषयी फ्रेंच अभ्यासक आर्नोल्ड वान गेनेप यांनी १९०९ मध्ये मांडलेली तीन टप्प्यांची कल्पना येथे उपयोगी पडेल. माणूस नेहमीच्या जगापासून दूर जातो, काही काळ अधांतरी अवस्थेत राहतो आणि मग नव्या दर्जासह आपल्या माणसांत परत येतो. पहिले दोन टप्पे प्रवासात बहुतांशी आपोआप पार पडतात. तिसरा मात्र घरच्यांनी घडवून आणावा लागतो आणि नेमका तोच राहून जातो. जी मुलगी अनोळखी शहरात स्वतः रस्ता शोधून आईला मुक्कामी घेऊन आली, तिच्या खोलीत घरी परतल्यावर सगळे जण पूर्वीसारखेच दार न वाजवता शिरत असतील, तर ती एक छान सहल झाली एवढेच म्हणता येईल. सहलीत वाईट काही नाही, फक्त तिला वयात येण्याचा सोहळा म्हणू नये.

म्हणून निघण्यापूर्वीच, परतल्यावर तिला कोणते हक्क मिळतील आणि कोणती जबाबदारी तिच्याकडे येईल, हे तिघांनी बसून ठरवावे. महिन्याच्या ठरावीक पैशांचा हिशेब तिचा तिने ठेवणे, डॉक्टरांशी काही वेळ एकटीने बोलणे, स्वतःची कागदपत्रे स्वतः सांभाळणे, अशा साध्या गोष्टी पुरेशा आहेत. तिच्या वडिलांची भूमिकाही येथेच आहे. बदललेल्या मुलीचे घरात स्वागत त्यांनी करायचे आहे आणि ठरलेले हक्क सर्वांत आधी त्यांनी पाळायचे आहेत. रोज रात्री फोन करून ‘काय म्हणाली ती?’ असा अहवाल मात्र त्यांनी तुमच्याकडे मागू नये.

खर्चाची मर्यादा आणि उपलब्ध दिवस तुम्ही सांगा. ठिकाण, मार्ग आणि दिवसाचा क्रम तिला ठरवू द्या. तिच्या हिशेबाने एखादी बस चुकली, तर पुढची बस कधी आहे हे तिलाच शोधू द्यावे. सुरक्षित मुक्काम, औषधे, विमा आणि अडीअडचणीसाठीचे पैसे ही बाजू मात्र तुमच्याकडेच असावी. परदेशी जाणार असाल, तर एका पालकासोबत प्रवास करणाऱ्या अल्पवयीन मुलांसाठी दुसऱ्या पालकाचे लेखी संमतिपत्र अनेक ठिकाणी मागितले जाते, याची चौकशी आधीच करावी. पासपोर्टची मुदतही तपासावी, कारण परतीच्या तारखेपर्यंत तो वैध असणे सर्वत्र पुरेसे मानले जात नाही.

दिवस भल्या पहाटे सुरू करू नका. पौगंडावस्थेत शरीराचे घड्याळच पुढे सरकते, झोप उशिरा येते आणि तरीही या वयात ८ ते १० तासांच्या झोपेची गरज असते. सूर्योदय पाहण्याची हौस तुम्हाला असेल, तर तो तुम्ही एकट्याने पाहावा, हे उत्तम. रोज काही तास तिलाही एकटीने हिंडू द्यावे. पुन्हा भेटण्याची वेळ आणि जागा ठरवावी, आणि मागोमाग जाऊ नये.

आता तुमच्या यादीविषयी. ती घरीच ठेवा. शेजारी शेजारी चालताना किंवा गाडीत खिडकीबाहेर पाहताना, डोळ्याला डोळा भिडवण्याची सक्ती नसल्यामुळे, मुले अवघड विषय स्वतःहून काढतात. तेव्हा विचारलेल्याचे उत्तर द्यावे, आणि सोळाव्या वर्षी तुम्हाला कशाची भीती वाटत होती तेही सांगावे. शरीराविषयीचे बोलणे तर प्रवासासाठी राखून ठेवण्याचा विषयच नाही. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ हा काळ किशोरावस्थेचा मानते. सोळा वर्षांच्या मुलीची पाळी सुरू होऊन बहुधा काही वर्षे झालेली असतात. काही सांगायचे राहिले असेल, तर ते याच आठवड्यात सांगा. तिचे छायाचित्र कोणालाही पाठवण्यापूर्वी तिला विचारायला विसरू नका.

प्रश्न : मी एकट्याने दोन मुलांना वाढवतो. थोरल्यासोबत असा प्रवास करावासा वाटतो, पण धाकटा रुसेल, आणि मोठा खर्चही झेपणारा नाही.

उत्तर : घराबाहेर एक रात्र पुरते, अंतराला फारसे महत्त्व नाही. धाकट्याला त्याच वयात हीच संधी मिळेल, असे आताच सांगा, आणि म्हणूनच आजचा खर्च पुन्हा करता येईल एवढाच ठेवा. दया येऊन त्याला सोबत नेऊ नका, कारण मग थोरल्याला पुन्हा दादाच व्हावे लागेल आणि तुमच्याशी एकट्याने बोलण्याची त्याची संधी हुकेल. त्या दिवसांत धाकट्याला विश्वासातल्या कोणाकडे राहायचे आहे, हे त्यालाच निवडू द्या. पुढे त्याची पाळी येईल तेव्हा थोरल्याने पाहिलेल्याच जागा दाखवण्याचा मोह टाळून ठिकाणाची निवड त्याच्यावर सोपवा.