होळीच्या रात्री आठ पानं

प्रिय भाचेबुवा,

अनेक आशीर्वाद.

बंगळुरूच्या फ्लॅटवर होळीला मित्रमंडळी जेवायला येणार, तुझ्यासकट आठ पानं, आणि पुरणपोळीच करायची असा तुझा हट्ट. जरूर कर. फक्त तू पाठवलेल्या यादीतला पुलाव, पनीर आणि गुलाबजाम आधी खोडून टाक. पुरणपोळी असली की दुसरं पक्वान्न लागत नाही. सोबत कटाची आमटी, साधा भात, बटाट्याची पिवळी भाजी, काकडीची कोशिंबीर आणि तळलेल्या कुरडया. दोन शेगड्या आणि एका कुकरवर एवढंच निभतं.

ही पोळी लाटताना फुटली तरी बिघडलेली असते आदल्या रात्री, पुरण शिजवताना. म्हणून पुरण आणि आमटी आदल्या रात्रीच उरकायची. होळीच्या दिवशी फक्त कणीक, पोळ्या, भात, भाजी.

आठ जणांना अर्धा किलो हरभऱ्याची डाळ घे. तिकडच्या दुकानात ‘कडलेबेळे’ म्हण. नुसतं ‘बेळे’ म्हटलंस तर तूरडाळ हातात पडेल. गूळ साडेचारशे ग्रॅम, फार गोड आवडत असेल तर डाळीच्या बरोबरीने. गुळाचा खडा आधी तोंडात टाकून बघ. काही गूळ खारट असतो आणि तो खारटपणा पुरणात लपत नाही.

डाळ दोन तास भिजव. पाच लिटरचा कुकर असेल तर पावणेदोन लिटर पाणी घालून एकदम शिजेल. तीन लिटरचा असेल तर दोन खेपा कर, कारण डाळ फेसाळते आणि शिट्टीतून पाणी बाहेर येतं. चमचाभर तेल आणि चिमूटभर हळद घाल. पाच-सहा शिट्ट्या, मग बारीक आचेवर पाच मिनिटं. पण शिट्ट्यांवर विसंबू नको. दाणा दिसायला अख्खा हवा आणि दोन बोटांत दाबला की त्याचं पीठ व्हायला हवं. मध्ये कणी लागली तर पुन्हा कुकर लाव. गूळ पडल्यावर डाळ पुढे शिजत नाही, आणि ती कणी उद्या लाटताना पोळीला भोक पाडते.

शिजलेली डाळ चाळणीत पंधरा मिनिटं निथळू दे. खालचं पाणी म्हणजे कट. ते ओतून दिलंस तर आमटी गेली. निथळलेली डाळ जाड बुडाच्या पातेल्यात काढ आणि चिरलेला गूळ घाल. पाच मिनिटांत सगळं पातळ होईल. घाबरू नको, गुळाला पाणी सुटतं. मध्यम आचेवर सतत ढवळत राहा. बुडबुडे जाड होऊन अंगावर उडायला लागतील, तेव्हा आच कमी कर. मधोमध कालथा उभा करून सोड. आडवा पडला तर अजून शिजव, उभा राहिला तर गॅस बंद. मग आठ-दहा वेलदोड्यांची पूड आणि अर्धं जायफळ किसून घाल.

वाटायचं गरम असतानाच. गार झालं की पुरणयंत्राचा दांडा फिरत नाही. पुरणयंत्र नसेल तर पिठाच्या चाळणीवर पुरण घालून वाटीच्या बुडाने दाबून खाली पाड. अर्धा तास जातो, पण पुरण मऊसूत होतं. मिक्सरचा मोह झालाच तर थोडंथोडं घाल आणि पाण्याचा थेंबही नको. एवढ्यात साधारण दीड किलो पुरण होतं, म्हणजे बावीसेक पोळ्या. माणशी दोन धरल्या तरी सहा उरतात, आणि पहिल्या दोन बिघडणारच आहेत.

आता आमटी, त्याच रात्री. कटात डावभर पुरण कालव आणि पाणी घालून दीड लिटर कर. सुकं खोबरं आणि जिरं भाजून, वाटून घाल. चिंचेचा कोळ, मीठ, दोन चमचे गोडा मसाला, तिखट. मोहरी, हिंग, कढीपत्त्याची फोडणी जरा सढळ हाताने दे. आमटी पातळच हवी. वरणासारखी घट्ट झाली तर कट नाही, नुसती डाळ प्यायल्यासारखं होतं. रात्रभर मुरली की दुसऱ्या दिवशी खरी लागते. गोडा मसाला घरून मागवून घे. त्याच्याऐवजी पाकिटातला गरम मसाला घातलास तर ती छोल्यांची ग्रेव्ही होईल, मग माझं नाव सांगू नकोस.

पाहुणे आठला येणार असतील तर दुपारी चारला कणीक भिजव. तीनशे ग्रॅम कणीक, शंभर ग्रॅम मैदा, मीठ, चिमूटभर हळद. नेहमीच्या पोळीपेक्षा बरीच सैल, हाताला चिकटेल इतकी. मग तीन-चार चमचे तेल घालत दहा मिनिटं मळ, ताणली तर तुटू नये. वर तेलाचा हात लावून झाकून तासभर ठेव. पुरणही तेव्हाच फ्रिजबाहेर काढ. थंड पुरण घट्ट असतं आणि कणीक सैल, त्यामुळे लाटताना पुरण मध्ये बसून राहतं आणि कडा नुसत्या कणकेच्या होतात. दोन्ही हाताला सारखेच मऊ लागायला हवेत. पुरण कोरडं वाटलं तर चमचाभर गरम दूध घालून मळ; सैल वाटलं तर पुन्हा पातेल्यात घालून आटव.

लिंबाएवढी कणीक, तिच्या दुप्पट पुरण. कणकेची वाटी कर, पुरण भर, तोंड बंद कर आणि वर आलेलं जास्तीचं टोक तोडून टाक. नाही तर मधोमध जाड गाठ राहते. पोळपाटावर तांदळाची पिठी भुरभुरव. गव्हाचं पीठ लावलंस तर ते पोळीत मुरून ती चिकटेल, पिठीवर ती सरकते. गोळा आधी बोटांनी थापून पसरट कर, मग कडेकडेने हलक्या हाताने लाट. मधोमध जोर दिला की फुटलीच. लाटण्यावर गुंडाळून तव्यावर सोड. तवा मध्यम तापलेला, लोखंडी असला तर उत्तम. एक बाजू नीट भाजल्याशिवाय उलटू नको. पोळी फुटून पुरण तव्यावर सांडलं तर ओल्या फडक्याने तवा पुसून मगच पुढची घाल. जळलेल्या गुळाचा वास पुढच्या दहा पोळ्यांना लागतो.

एका तव्यावर बावीस पोळ्यांना सव्वा तास धर, नवखा म्हणून दीड. म्हणजे साडेपाचला सुरुवात. पाहुणे समोर बसलेत आणि तू पिठीत माखून ओट्याशी उभा, हे अजिबात करायचं नाही. झालेल्या पोळ्या कापडावर सुट्या पसरून निवव. गरमागरम एकावर एक ठेवल्या की घाम सुटून चिकटतात. वाढताना तव्यावर अर्धा मिनिट गरम केल्या की पुरे.

कोण काय खात नाही हे चार दिवस आधी विचार. जैन मित्र असेल तर बटाट्याऐवजी कच्च्या केळ्याची भाजी कर, आणि तो कडक पाळणारा असेल तर सूर्यास्ताआधी जेवेल, त्याचं पान लवकर वाढ. तूप-दूध न खाणाऱ्याच्या पोळ्या आधी तेलावर भाजून वेगळ्या ठेव. बाकीच्यांना मिळून पाव किलो तूप लागेल. सगळे ‘काय आणू’ विचारतील तेव्हा ‘काही नको’ म्हणू नकोस. एकाला दही, एकाला ताटं-वाट्या, एकाला विडे, आणि ज्याला काही सुचत नाही त्याला भांडी घासायला सांग.

कन्नड मित्र पोळीला होळिगे किंवा ओब्बट्टू म्हणेल आणि कटाच्या आमटीची त्याच्या घरी उगादीला सारू होते हे सांगेल. गुजराती मैत्रीण तूरडाळीच्या पुरणाची बाजू घेईल. खानदेशचा कुणी असला तर त्याला खापरावरचे मांडे आठवतील. वाद घालू नकोस, वाढत राहा. सणाला घरापासून लांब असलेली माणसं आपल्या घरचंच कसं बरोबर हे सांगताना दोन घास जास्त जेवतात. मात्र घरी व्हिडिओ कॉल करायचे ते पानं घ्यायच्या आधी उरकायला सांग. जेवताना एकाने फोन लावला की बाकीचे सात आपापल्या फोनकडे वळतात.

आधी पोळी आणि वरून तूप, मग आमटी, भात शेवटी. पोळीनंतर भात कमीच जातो, चारशे ग्रॅम तांदूळ पुरेत.

तुझी,
मावशी

ता. क. पुरणयंत्र आदल्या रात्रीच गरम पाण्यात टाक. पुरण वाळलं की एकेक भोक टाचणीने कोरत बसावं लागतं. आणि सिलिंडर उचलून बघ, हलका लागला तर आजच नोंदव.