मिनिडिस्कवर (आवाज रेकॉर्ड करायच्या छोट्या डिस्कवर) पहिलं रेकॉर्डिंग करताना

आधी ऑटो लेव्हल, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप ठरवणारी यंत्रातली सोय, बंद करा. शांततेत ती आवाज वर ओढते, टाळ्या पडल्या की दाबते. गाणं त्यात पार सपाट होतं. रेकॉर्ड-पॉजमध्ये (रेकॉर्डिंगला तयार, पण थांबलेल्या स्थितीत) जाऊन मेनूतून मॅन्युअल निवडा आणि सर्वांत मोठा आवाज मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. बऱ्याच यंत्रांत स्टॉप केलं की सेटिंग पुन्हा ऑटोवर जातं, म्हणून दर वेळी तपासा.

सर्वांत महत्त्वाचं: स्टॉपनंतर यंत्र डिस्कवर अनुक्रमणिका (कोणतं रेकॉर्डिंग कुठे आहे त्याची नोंद) लिहितं. तेव्हा हलवलं किंवा बॅटरी संपली, तर सगळं रेकॉर्डिंग हातचं जातं. बॅटरी ताजीच घाला. मुलाखतीला मोनो (एकाच चॅनेलचं रेकॉर्डिंग) पुरे. मोनोत ८० मिनिटांच्या डिस्कवर १६० मिनिटं मावतात. माइक मात्र यंत्रापासून लांब ठेवा, नाहीतर मोटरची घरघर येते.